नकार कुणाला द्यायचा

६ मार्च

रोज काहीतरी लिहून ठेवायची मला सवय नाही. पूल तपासून आल्यावर लिहावं लागतं, पण ते कंपनीच्या ठरलेल्या रकान्यांत बसतं: तडा कुठे, किती रुंद, गंज वरवरचा की खोल. आजचं कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून ही वही.

दुपारी मी आणि माझा सहकारी मार्लन डीफो बंदरापलीकडच्या जुन्या पुलाखाली तपासणीच्या लोंबत्या पाळण्यात होतो. खाली नदीवर बर्फ, वर मालगाड्यांचा धडधडाट. तेवढ्यात फोन वाजला. हातमोजा दातांनी ओढून काढला.

"कायसा हार्यू का? मी कॅल्डर लॉ स्कूलमधून बोलतेय. आधी कुठेतरी बसून घ्या."

"बसता येणार नाही," मी म्हणाले. "मी पुलाखाली लटकलेय."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, आम्ही तुम्हाला घेतलंय, स्वागत आहे.

"धन्यवाद. समजलं," असं म्हणून मी फोन ठेवला.

मार्लन माझ्याकडे बघत होता. "कोण गेलं?"

"कुणी नाही. कॅल्डरने घेतलं मला."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंड असंच आहे."

"देवा! फिनिश लोकांना लॉटरी लागली तरी घरचे डॉक्टरांना फोन करत असतील." आणि तो एवढ्या मोठ्याने ओरडला की तुळईवरची सगळी कबुतरं उडाली.

त्यानंतर मी एका सांध्याची नोंद दुसऱ्याच सांध्यापुढे केली. घरी आल्यावर लक्षात आलं. माझ्याकडून असं होत नाही.

८ मार्च, शनिवार

दर शनिवारसारखी गावी, डॅडकडे. आधी त्याची साउनातली वाफेची अंघोळ झाली, मग माझी. मग बाहेरच्या खोलीतल्या बाकावर दोघं अंगातून वाफा काढत कॉफी घेऊन बसलो. आमच्या घरात जे काही बोललं जातं ते या बाकावर.

"कॅल्डरने घेतलं," मी म्हणाले.

"कुठेशी आलं ते?"

"शिकागो."

"हं." त्याने कॉफीचा घोट घेतला. "त्या दुसऱ्यांचं काय झालं? हॅविलंडचं?"

"अजून काही नाही."

"ते कळू दे आधी."

आमच्या मानाने हे भाषण झालं. नोव्हेंबरात त्याच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून मी जड काही उचलू देत नाही. पाण्याची बादली घ्यायला हात पुढे केला, तर त्याने ती दुसऱ्या हातात घेतली. जन्मभर खनिजाच्या धक्क्यावर बोटी भरल्या त्याने. एक बादली माझ्या हातात देणं त्याला जमणार नाही.

१९ मार्च

हॅविलंडनेही घेतलं.

हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, कारण ते खोटं वाटत होतं. हॅविलंड! आमच्याकडे पेट्रोल पंपावरच्या बाईलासुद्धा हे नाव माहीत आहे. साहेब स्वतःच्या खोलीतून उठून माझ्या टेबलापाशी आले आणि माझ्याशी हात मिळवला. एरवी ते फक्त पूल पडायच्या बेतात असला की उठतात.

संध्याकाळी घरापाशी गाडी लावून इंजिन बंद न करता बसून राहिले. मग लक्षात आलं की गाडीत कुणीतरी गातंय. मीच होते.

पैशाची मदत दोन्हीकडची जवळजवळ सारखी आहे, म्हणून तो मुद्दा बाद. हवा दोन्हीकडची वाईट, तोही बाद. उरतं ते नीट तपासता येईल. दोन्ही शाळा निवडलेल्यांना भेटीला बोलावतात. आधी जाऊन बघायचं, मग ठरवायचं. दोन चांगल्या पुलांमधून एक निवडायचा आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही.

इंजिनिअरने वकील व्हायचं कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. मी सांगते, "कामाला पूरक आहे." खरं कारण वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी एका पुलाच्या दाव्यात माझी साक्ष झाली. मी प्रत्येक उत्तर बरोबर दिलं, आणि शेवटी टेबलापलीकडच्या त्या टक्कल पडलेल्या वकिलाने माझ्याच बरोबर उत्तरांची एक चुकीची भिंत बांधून माझ्यापुढे उभी केली. मला राग यायला हवा होता. माझ्या मनात आलं ते हे: मला त्या बाजूच्या खुर्चीत बसायचंय.

२९ मार्च, शिकागो

कॅल्डरची भेट. क्रमाने लिहिते.

इमारत सिमेंटची, करडी, हिवाळ्याला साजेशी. नाश्ता बेताचा. जेवणाच्या टेबलावर दोन जुने विद्यार्थी एकमेकांवर खेकसत होते. मला वाटलं भांडण आहे. शेजारची मुलगी म्हणाली, "छे, हे लग्न ठरलेलं जोडपं आहे. विषय भाडेकराराचा आहे."

दुपारी नमुन्याचा तास. प्रोफेसर टॉबिन म्हणजे एक ठेंगणी, साठीची बाई. खिशात हात घालून आली. ना नमस्कार, ना स्वागत. थेट सुरुवात.

"गोठलेलं तळं आहे. एक माणूस भाल्याने मासे धरायला बर्फात मोठं भोक पाडतो. अंधार पडताना घरी निघतो आणि भोकाशेजारी झाडाची फांदी उभी रोवून जातो. भोकावर पातळ बर्फ धरतो. दुसरा माणूस येतो. त्याला शेकोटी करायचीय, तो फांदी उपटून नेतो. तिसरा माणूस चालत येतो आणि आत पडतो. जीव वाचतो, पायाची बोटं जातात. बोटांची भरपाई कुणी द्यायची?" तिने टेबलावरच्या नावांच्या पट्ट्यांवरून नजर फिरवली. "मिस हार्यू. तुम्ही मिनेसोटाच्या. तिथे थोडाफार बर्फ असतो असं ऐकलंय."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मला हे सोपं वाटलं. तसली भोकं मी चालायला लागल्यापासून बघत आलेय.

"फांदी नेणाऱ्याने," मी म्हणाले. "उभी फांदी म्हणजे तिथे भोक. तळ्यावर हे सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"फांदी नेणारा टेक्सासचा आहे. मेहुणीच्या लग्नाला आलाय. त्याने आजवर बर्फ फक्त ग्लासात पाहिलाय."

हशा झाला. माझे कान तापले.

"मग भोक पाडणाऱ्याने. भोक नसतं तर कुणी पडलं नसतं."

"तळं नसतं तरी पडलं नसतं. तळ्यावर खटला भरू या का?"

"टेक्सासच्या माणसाला तिथला बर्फ वेगळा दिसला असेल का, हे आधी कळायला हवं. उजेड किती होता?"

"माहीत नाही."

"भोकावरच्या बर्फाची जाडी?"

"मोजली नाही कुणी."

"मग सांगता येणार नाही. अपुऱ्या माहितीवर निष्कर्ष काढणं चूक आहे."

ती चालत माझ्या बाकापर्यंत आली. आवाज चढवला नाही. "मिस हार्यू, तुम्ही निष्कर्ष काढला नाहीत, तर तो माणूस रिकाम्या हाताने लंगडत घरी जातो. म्हणजे निष्कर्ष निघालाच. फक्त तो आपण काढला असं तुम्हाला म्हणायचं नाही."

मी उभी होते. उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. "तर मग भोक पाडणाराच. तळ्यावर येणारे सगळे गावचे नसतात, हे त्याला कळायला हवं होतं. त्याने फांदीपेक्षा जास्त काहीतरी करायला हवं होतं."

"वा. म्हणजे उद्यापासून प्रत्येक भोकाला कुंपण. तुमच्या शेजाऱ्यांना तुम्हीच कळवा हं." आणि घड्याळाकडे बघून ती निघून गेली! उत्तर न सांगता!

नंतर वसतिगृह दाखवणार होते. ते राहिलं, कारण मी सरोवराच्या कडेने चालत निघाले आणि फार लांब गेले. कुंपण हास्यास्पद आहे, मान्य. पण फांदी आणि कुंपण यांच्या मध्ये काहीतरी असणारच. दोन फांद्या? रंगीत कापड? आणि समजा टेक्सासवाल्याने कापडही नेलं? समजा त्याने बघितलं, शंका आली, आणि थंडी वाजत होती म्हणून नेलं? मग माणसाला किती थंडी वाजली की त्याला माफ करायचं?

हॉटेलवर येऊन हे सगळं लिहितेय. हात दुखायला लागलाय.

एकंदर अनुभव अप्रिय. गुण: दहापैकी सहा.

५ एप्रिल, हॅविलंड

सगळं उत्तम. ग्रंथालय उत्तम. जेवण उत्तम. जुने दगड, हिरवळ, दिव्यांचे खांब, सगळं चित्रात असतं तसं. गुण देण्याची पद्धत नाही, त्यामुळे कुणी कुणाच्या पुढेमागे नाही. माझी सोबत करायला पॉपी नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी दिली होती. फार गोड. तिने माझ्याबद्दल सगळं वाचून ठेवलं होतं.

"पुलांची डॉक्टर!" तिने सगळ्यांना ओळख करून दिली. "किती वेगळं ना?"

रात्रीच्या जेवणाला एक न्यायाधीश बोलले. तेही उत्तम बोलले. जेवताना मी टेबलावरच्यांना तळ्याचा प्रश्न घातला, नुसता बघायला.

"किती सुंदर प्रश्न!" पॉपी म्हणाली.

"खरंच सुंदर," तिच्या पलीकडचा मुलगा म्हणाला. "दोन्ही बाजूंनी बोलता येईल."

"मग बोल ना," मी म्हणाले.

तो हसला. मला वाटतं त्याला तो विनोद वाटला. मग पॉपीने विचारलं, मला होडी वल्हवायला आवडेल का.

दिवसभरात सगळे माझ्याशी सहमत होते. प्रवास सुरळीत. गुण: दहापैकी नऊ.

१३ एप्रिल

काल डॅडकडे राहिले, आज सकाळी त्याच्याबरोबर गावातल्या फिनिश लोकांच्या हॉलमध्ये रविवारच्या कॉफीला गेले. त्याच्या पिकअप ट्रकच्या मागून चालत गेले तेव्हा दिसलं. मागच्या काचेवर, आडवं, भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत: हॅविलंड लॉ.

मी दोनदा वाचलं आणि आत गेले.

हे नोंदवताना सांगायला हवं की डॅडने तीस वर्षं युनियनमध्ये काढली, पण युनियनचा स्टिकरसुद्धा कधी लावला नाही. आमच्याकडे घरी नवा फ्रिज आला तर लोक तो आणण्याची वेळ शेजारी झोपल्यानंतरची ठरवतात. मी शाळेत पहिली आले तेव्हा घरात कुणी काही म्हटलं नाही, फक्त पॅनकेक जास्त झाले. त्या माणसाने काचेवर नाव लावलंय आणि ट्रक हॉलच्या दाराशी तोंड उलटं करून उभा केलाय, म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

हॉलमध्ये इल्मीआत्याने, म्हणजे डॅडच्या बहिणीने, कॉफी ओतताना सुरुवात केली.

"रेनोची तब्येत बरी आहे ना ग? डोक्यापर्यंत रक्त जातंय ना?"

"का ग आत्या?"

"काचेवर पोस्टर लावलंय त्याने. आता एक भोंगा घेऊन द्या. गावभर ओरडत फिरेल."

"फिरेन," डॅड पलीकडून म्हणाला. "तुझ्या घरापासून सुरुवात करेन."

सगळ्या बायका थांबून त्याच्याकडे बघायला लागल्या. बढाई, आणि तीही तोंडावर! मग एकेकीने येऊन माझा दंड दाबला. "हॅविलंड," त्या हळूच म्हणायच्या, दुखणं विचारावं तसं.

मी कुणालाच सांगितलं नाही की अजून ठरलेलं नाही. कुणी विचारलं नाही. डॅडला इतकं मोठं नाव हवंय हे मला माहीत नव्हतं. माणसं म्हातारपणी बदलतात असं दिसतं.

१६ एप्रिल

आज शांत डोक्याने तक्ता केला. प्रत्येक मुद्द्याला वजन दिलं: शिक्षक, नाव, नोकऱ्या, शहर, अंतर. पहिल्या वेळी कॅल्डर पुढे आलं. कारण शोधलं तर सापडलं: अंतर. शिकागोहून गाडीने एका दिवसात डॅडकडे पोचता येतं, हॅविलंडहून विमानं बदलत यावं लागतं. म्हणजे मी शाळा निवडत नव्हते, डॅडची झडप निवडत होते. हा पूर्वग्रह आहे. 'अंतर' काढून टाकलं.

दुसऱ्या वेळीही कॅल्डर पुढे. थोडंसंच. मग 'शिक्षक' या मुद्द्यात एकाच तासाचा परिणाम जास्त पडलाय हे लक्षात आलं. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. त्याचं वजन कमी केलं.

तिसऱ्या वेळी हॅविलंड. आता तक्ता बरोबर आहे.

१८ एप्रिल

हॅविलंडची जागा पक्की केली. अनामत भरली. पोचपावती आली, तिच्यात उद्गारचिन्हं खूप होती.

आता कॅल्डरला नकार कळवायचा. एका वेळी दोन जागा अडवून ठेवणं आमच्यात वाईट समजलं जातं, आणि तसंही महिनाअखेर ही शेवटची मुदत आहे. दोन ओळींचं काम.

साहेबांनी केक आणला. मी आनंदी आहे. मार्लनने विचारलं, "आनंदी आहेस?" मी म्हणाले, "आत्ताच तसं लिहून ठेवलंय."

२३ एप्रिल

नकार अजून गेलेला नाही. कामं खूप आहेत.

आज पाळण्यात मार्लनशी तळ्यावरून वाद झाला. तो म्हणतो, पडणाऱ्याचीच चूक, रात्री तळ्यावर जायचंच कशाला. मी म्हटलं, मग रात्री रस्त्यावर जायचं कशाला, पुलावरून जायचं कशाला, आपण दोघं इथे लटकतोय कशाला? तो म्हणाला, रस्ता बांधलेला असतो, तळं बांधलेलं नसतं. हा मुद्दा चांगला होता! पण मला उत्तर सुचलं: ज्या क्षणी माणसाने भोक पाडलं त्या क्षणी तळ्याचा तेवढा भाग बांधलेला झाला. मी पाळण्याच्या कठड्यावर हात आपटला. खाली काठावर उभ्या आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरने विचारलं, वर काही मोडलं का.

"काही नाही रे," मार्लनने ओरडून सांगितलं. "कायसाला प्रेम झालंय."

"कुणाशी?"

"शिकागोतल्या एका भोकाशी."

मार्लनला पुरावा आणि अंदाज यांतला फरक कळत नाही. मी तक्त्याबद्दल सांगितलं तर तो म्हणाला, "हॅविलंडबद्दल तू मला काय सांगितलंस, आठव बरं. ग्रंथालय. अजून?"

"हिरवळ," मी म्हणाले.

आम्ही उरलेल्या सांध्यांची तपासणी केली.

२६ एप्रिल, शनिवार

हे आज रात्री लिहिलं नाही तर उद्या मी त्याला नीटनेटकं करून टाकेन. म्हणून जसं झालं तसं.

साउना झाला. बाक, कॉफी. डॅडला आज धाप कमी लागत होती. तो म्हणाला, "शिकागोला नाही कळवलंस ना?"

"कळवेन."

"केव्हा?"

"मुदत आहे अजून."

"अनामत भरलीस, काचेवर नाव लागलं, इल्मीने सगळ्या जिल्ह्याला सांगितलं. आता काय मुदत बघतेस?"

"ते नाव मी लावलं नव्हतं."

"मी लावलं."

"मला माहितीये. तुला मोठं नाव हवं होतं तर सरळ सांगायचंस. एवढं सगळ्यांसमोर..."

त्याने कप खाली ठेवला. "मला नाव हवं होतं?"

"मग कशाला लावलंस?"

तो भिंतीकडे बघत राहिला. आमच्या घरात एखादं मोठं वाक्य येणार असलं की आधी भिंतीकडे बघायची पद्धत आहे.

"ऑपरेशननंतर तू दर शनिवारी येतेस," तो म्हणाला. "वादळ असलं तरी येतेस. बादली हातातून काढून घेतेस. मला दिसत नाही का? शिकागो एका दिवसावर आहे. म्हटलं, ही पोरगी माझ्यासाठी शिकागो घेणार. आणि जन्मभर सांगणार की तक्त्यात तसं आलं." तो थांबला. "आपल्यात चारचौघांत बोललेलं मागे घेत नाहीत. म्हणून मीच आधी बोलून टाकलं. लाज वाटत होती फार. पहिल्या दिवशी मागच्या गल्लीतून घरी आलो."

मग मी सांगितलं की मी 'अंतर' काढून टाकलं होतं. त्याच कारणासाठी. म्हणजे मीही तेच केलं होतं, उलट्या बाजूने.

"शाबास," तो म्हणाला. "दोघांनी मिळून माझ्या झडपेला कॉलेजात घातलं." मग म्हणाला, "बरं. झडप सोड. मी मेलो असं धर."

"डॅड!"

"धर ग. मी मेलो, आणि दोन्ही शाळा या रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. कुठल्या दारात जाशील?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "एक गोठलेलं तळं आहे."

"हे मी विचारलं नव्हतं."

"ऐक तर. एक माणूस भाल्याने मासे धरायला भोक पाडतो..."

त्याने ऐकलं. टेक्सासवाला आला तेव्हा तो म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. दोष टेक्सासचा." मी म्हटलं, तो बिचारा पाहुणा, त्याला काय माहीत. तो म्हणाला, पाहुण्याने परक्याच्या तळ्यावरची काडीसुद्धा हलवू नये. मी म्हटलं, म्हणजे अज्ञान हा गुन्हा? तो म्हणाला, अज्ञान नव्हे, आगाऊपणा. मी म्हटलं, कायद्यात आगाऊपणा कुठे मोजणार तू, कशाने? तो म्हणाला, माझ्या बापाने मोजला असता, कानाखाली. मी उभी राहिले होते. पुन्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या बापाचा हात नाही चालणार, रेनो हार्यू, न्यायालयाला कारण लागतं! तोही उठला. छातीवर हात ठेवून उठला, आणि मी घाबरून थांबले, तर म्हणतो, "थांबलीस का? हरायला लागलीस?"

किती वेळ झाला कळलं नाही. चूल विझली होती. शेवटी तो खाली बसला आणि कपात बघितलं.

"कॉफी गार झाली," तो म्हणाला. "या बाकावर हे तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा. ती असंच करायची. मी काही साधं विचारलं की मध्येच भलतंच काढायची आणि मग जिंकेपर्यंत सोडायची नाही." त्याने गार कॉफी एका घोटात संपवली. "म्हणजे शिकागो."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाहीच म्हटलंस."

"तिथे त्या बाईने मला चारचौघांत चूक ठरवलं."

"त्यासाठी शिकागोला कशाला जायला हवं? ते काम मी घरी केलं असतं."

"तुला जमलं नाही," मी म्हणाले. "आत्ता बघितलंस ना."

तो हसला. मोठ्याने. मग मीही. मला रडू येतंय असं वाटलं, पण साउनानंतर डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

गावी येताना तक्ता बरोबर आणला होता. त्या कागदाने चूल पुन्हा पेटवता आली असती. विझली ती विझली. राहू दे.

२८ एप्रिल

सकाळी हॅविलंडला फोन केला. पत्राने कळवता आलं असतं, पण ज्यांनी इतकं चांगलं वागवलं त्यांना तोंडाने सांगायला हवं. बोलणाऱ्या बाईंचा आवाज क्षणभर पडला, मग त्या फार सभ्यपणे म्हणाल्या, "विचारू का, आमच्याकडे काय कमी पडलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. आणि ते खरं आहे. "तुमच्याकडे सगळं बरोबर होतं."

अनामत बुडाली. बुडायलाच हवी. दुसऱ्याच्या जागेवर मी दहा दिवस बसले होते.

मग कॅल्डरला फोन केला. "अखेर!" पहिल्या दिवशीच्याच बाई होत्या. "आम्हाला वाटलं तुम्ही पुलावरून पडलात."

मार्लनला सांगितलं. तो म्हणाला, "तक्त्याने काय म्हटलं?" मी म्हटलं, तक्ता चूक होता. त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं आणि मान खाली घातली.

११ मे

डॅड काचेवरची अक्षरं खरवडतोय. थंडीत चिकटवलेली, निघत नाहीत. पहिली दोन इंग्रजी अक्षरंच निघाली, त्यामुळे सध्या त्याच्या ट्रकवर 'विलंड' असं कुठल्यातरी बेटाचं नाव असल्यासारखं दिसतं. इल्मीआत्या म्हणते, आता शिकागोचं लावू नका बाई, काच पुरायची नाही. हॉलमध्ये मीच उठून सगळ्यांना सांगितलं की चूक डॅडची नव्हती, मी विचार बदलला. चारचौघांत बोललेलं मागे घेतलं. एका म्हाताऱ्याने केकचा कडेचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

१७ ऑगस्ट, शिकागो

खोली लहान आहे, खिडकीतून आगगाडी जाते. डॅडने सामान वर आणायला मदत केली. मी जड खोके उचलू दिले नाहीत. एक हलकं दिलं, त्याने घेतलं, आणि त्यानंतर सगळ्या जिन्यावर मला सांगत राहिला की ते किती हलकं आहे. दुपारी परत निघाला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फुटपाथवर होते. मग वर येऊन पुस्तकं लावली, आणि ती लावताना पुन्हा गाणं म्हटलं. या वेळी मला ऐकू येत होतं.

उद्या पहिला तास. तास सुरू व्हायच्या आधीच वाचायला निकाल दिलेत, शिकवणार टॉबिनच. पहिला निकाल रेल्वे फाटकावरच्या एका पहारेकऱ्याचा आहे. तीनदा वाचला. न्यायाधीश दुसऱ्या पानावर एक गोष्ट गृहीत धरतात आणि पुढचा सगळा निकाल तिच्यावर उभा करतात, आणि ती गोष्ट तशी असायचं काहीच कारण नाही! मी खोलीत येरझाऱ्या घालत हे भिंतीला समजावून सांगितलं. पलीकडून कुणीतरी भिंत ठोकली.

जिन्यात वर्गातली दोघं भेटली. दोघांचे चेहरे पांढरे पडले होते. म्हणाली, उद्या त्या बाईने आपलं नाव पुकारू नये म्हणजे मिळवलं, तू काय करणार आहेस?

मी खांदे उडवले. जिन्यात सगळं सांगायची पद्धत नाही.

माझं नाव नाही पुकारलं तर मी हात वर करणार आहे.